पहिल्या सोनोग्राफीत ‘अजून काही सांगता येत नाही’ असे कळल्यावर : पुढचे पंधरा दिवस कसे काढावेत

पाळी चुकली, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या आणि मोठ्या आशेने बेळगावला किंवा निपाणीला जाऊन सोनोग्राफी करून घेतली; परंतु डॉक्टरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहून ‘पिशवी दिसते, ठोके अजून दिसत नाहीत, दहा-बारा दिवसांनी पुन्हा या’ एवढेच सांगितले, अशा अवस्थेत घरी परतलेल्या बाईसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी हा लेख लिहिला आहे. मी डॉक्टर नाही. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील सासरी असताना मी हे दिवस काढले आहेत आणि नंतर नात्यातील, शेजारातील अनेकींसोबत दवाखान्याच्या बाकावर बसले आहे. माझ्या पहिल्या सोनोग्राफीत पिशवी १४ मिलिमीटरची होती व आत काहीच दिसत नव्हते. त्याच दिवशी मला ‘वाढ नाही, पिशवी धुऊन घ्या’, म्हणजे गर्भाशय रिकामे करून घ्या, असा सल्ला मिळाला होता. मी तो ऐकला नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि थांबले. पंधरा दिवसांनी गर्भ वाढत नसल्याचे निश्चित झाले. तरीही ते पंधरा दिवस वाया गेले असे मला कधी वाटले नाही, कारण ‘आपण घाई तर केली नाही ना’ हा प्रश्न त्यानंतर माझ्या वाट्याला आला नाही. थांबायला सांगितले म्हणजे डॉक्टरांना कळले नाही, असा अर्थ घरोघरी काढला जातो. वस्तुतः या टप्प्यावर दोन तपासण्यांमधील काळ हीच तपासणी असते, कारण एवढ्या लहान गर्भाविषयी एका दिवसाच्या चित्रापेक्षा त्याची वाढच अधिक खरे सांगते.

पहिले काम : दवाखान्यातून निघण्यापूर्वी नेमके काय दिसले ते समजून घेणे

सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न एकच आहे : पिशवी गर्भाशयातच आहे, हे नक्की दिसले का? ‘ठोके दिसत नाहीत’ आणि ‘गर्भाशयात काहीच दिसत नाही’ ही दोन उत्तरे वरकरणी सारखी वाटतात, परंतु त्यांच्यात फार मोठा फरक आहे. पिशवी गर्भाशयात असेल, तर प्रश्न फक्त वाढीचा असतो आणि आठ-पंधरा दिवस थांबता येते. चाचणी होकारार्थी असून गर्भ कुठेच दिसत नसेल, तर तीन शक्यता उरतात : दिवस अगदीच थोडे झालेले असणे, गर्भ आपोआप पडून गेलेला असणे, किंवा गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या गर्भनळीत अडकलेला असणे. यांतील तिसरी शक्यता जिवावर बेतू शकते. म्हणून अशा बाईला ‘पंधरा दिवसांनी या’ एवढ्यावर घरी पाठवणे पुरेसे नाही, तिची रक्ततपासणी दोन दिवसांच्या अंतराने व्हायला हवी.

दुसरा प्रश्न सोनोग्राफी पोटावरून केली की खालून, म्हणजे योनीमार्गातून, हा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत खालून केलेल्या तपासणीत बरेच स्पष्ट दिसते, कारण यंत्र गर्भाशयाच्या अगदी जवळ पोहोचते. या तपासणीने गर्भाला धक्का लागतो, रक्त जायला लागते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि त्यामुळे कित्येक सासवा व नवरे ती नाकारतात. परंतु तिने गर्भपात होत नाही. फक्त पोटावरून तपासणी झाली असेल आणि चित्र अस्पष्ट असेल, तर ‘खालून तपासून पाहता येईल का’ असे आपणहून विचारावे.

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि त्यातील आद्याक्षरे पाहूनच धास्ती वाटते, म्हणून ती समजून घ्यावीत. ‘जीएस’ म्हणजे गर्भाची पिशवी. ती पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते. ‘एमएसडी’ म्हणजे त्या पिशवीचा सरासरी व्यास. ‘वायएस’ म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोषण देणारी लहान गोल पिशवी. ती साडेपाच आठवड्यांच्या आसपास दिसते आणि ती दिसली म्हणजे गर्भधारणा गर्भाशयात आहे याची खात्री होते. ‘सीआरएल’ म्हणजे गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. गर्भ आणि त्याचे ठोके साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. प्रत्येक टप्प्यात काही दिवसांचे मागेपुढे होतेच.

आता मिलिमीटरचे सांगते, कारण सगळा निर्णय तिथे होतो. पूर्वी गर्भ ५ मिलिमीटरचा होऊनही ठोके नसले, किंवा पिशवी १६ मिलिमीटरची होऊनही तीत गर्भ दिसला नाही, तर गर्भधारणा संपली असे मानत. मोजणाऱ्या दोन तज्ज्ञांच्या आकड्यांतही थोडा फरक पडतो आणि त्या जुन्या मर्यादांमुळे वाढू शकणारा गर्भही काढला जाण्याची भीती होती, हे लक्षात आल्यावर मर्यादा वाढवण्यात आल्या. अमेरिकेत २०१२ साली सोनोग्राफी व स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेले व २०१३ साली प्रसिद्ध झालेले निकष असे आहेत : गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून ठोके नसणे, पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून आत गर्भ नसणे, पहिल्या वेळी नुसती पिशवी दिसली असेल, तर १४ दिवसांनंतरही ठोके असलेला गर्भ न दिसणे, आणि पहिल्या वेळी पिशवीसोबत वायएस दिसली असेल, तर ११ दिवसांनंतरही तो न दिसणे. हे चारही निकष खालून केलेल्या सोनोग्राफीसाठी आहेत. यांपैकी एकही पूर्ण झालेला नसेल आणि तरीही कोणी त्याच दिवशी क्युरेटिंगचा, म्हणजे गर्भाशय धुऊन घेण्याचा, आग्रह धरत असेल, तर भरपूर रक्तस्राव, ताप किंवा असह्य वेदना असे तातडीचे कारण आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तसे कारण नसेल, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दुसरे काम : दिवस पुन्हा मोजणे

गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पण त्यामागे पाळी २८ दिवसांची आहे आणि चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटले, असे गृहीत धरलेले असते. ज्यांची पाळी ३५-४० दिवसांनी येते, ज्या अंगावर पाजत आहेत किंवा ज्यांनी नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या आहेत, त्यांच्या बाबतीत हा हिशेब एक-दोन आठवड्यांनी सहज चुकतो. तारखेने सात आठवडे भरले आणि सोनोग्राफीत साडेपाचच दिसले, याचा अर्थ वाढ खुंटली असाच होतो असे नाही.

तारीख आठवत नसेल, तर भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवून घरातील बाईमाणसासोबत बसावे. आपल्याकडे बायकांना तारखेपेक्षा खुणा अधिक आठवतात : सौंदत्तीची पौर्णिमा, गावची लक्ष्मी यात्रा, कुणाच्या लग्नाची हळद, ऊस तोडायला आला तो आठवडा. अशा खुणेवरून तारीख शोधून कागदावर लिहावी. त्याच कागदावर दुसरी एक तारीख लिहावी, जी बहुतेक जणी विसरतात : घरच्या चाचणीत दोन रेघा पहिल्यांदा कधी दिसल्या. ही तारीख फार उपयोगी पडते, कारण गर्भ रुजल्याशिवाय चाचणी होकारार्थी येत नाही. दोन रेघा येऊन तीन आठवडे उलटले असतील, तर ‘दिवसच कमी असतील’ हा दिलासा तितकासा खरा राहत नाही. चारच दिवस झाले असतील, तर काही न दिसणे अगदी स्वाभाविक असू शकते.

रक्ततपासणी : कधी आणि किती

‘बीटा एचसीजी’, म्हणजे गर्भधारणेत रक्तात वाढणारे संप्रेरक मोजण्याच्या तपासणीचा एकच आकडा फारसे काही सांगत नाही. ४८ तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सांगतात. दोन दिवसांत आकडा साधारण ६३ टक्क्यांहून अधिक वाढला, तर गर्भाशयात गर्भ वाढत असण्याची शक्यता बरीच असते, जरी नळीतील गर्भाची शक्यता सोनोग्राफीत पिशवी दिसेपर्यंत पूर्ण संपत नाही. निम्म्याहून अधिक घसरला, तर गर्भधारणा टिकण्याची शक्यता फार कमी असते. आकडा या दोहोंच्या मध्ये रेंगाळला, तर सर्वाधिक सावध राहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत. माहेर चंदगड-गडहिंग्लजला आणि सासर खानापूर-हुक्केरीला असलेल्या आपल्याकडच्या मुली पहिला नमुना एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात देतात. वेगवेगळ्या यंत्रांवरील आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत आणि अकारण घबराट होते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. गर्भाशयात पिशवी आणि वायएस स्पष्ट दिसले असतील, तर ही तपासणी वारंवार करण्यात अर्थ नाही. तिथे पुढची सोनोग्राफीच निर्णय देईल.

रक्तगटही याच वेळी तपासून घ्यावा. गट निगेटिव्ह असेल, तर रक्तस्राव झाल्यास किंवा गर्भ काढावा लागल्यास ‘अँटी-डी’ इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

ज्या त्रासात थांबायचे नाही

इतका वेळ थांबण्याविषयी लिहिले. आता जिथे एक तासही थांबू नये ते लिहिते, आणि हा भाग घरातील प्रत्येकाने वाचावा अशी माझी विनंती आहे. ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा घेरी येऊन पडणे, ही नळीतील गर्भ फुटून पोटात रक्त साचत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी बाहेर रक्त अगदी थोडे दिसते किंवा मुळीच दिसत नाही, आणि म्हणूनच घरचे लोक ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देत बसतात. खांद्याच्या दुखण्याचा पोटाशी संबंध असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण पोटात साचलेले रक्त छाती-पोटामधल्या श्वासपटलाला लागले, की ते दुखणे खांद्यात जाणवते. याखेरीज लागोपाठ दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजतील एवढा रक्तस्राव, ताप, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तरीही लगेच दवाखाना गाठावा. थोडे डाग किंवा तपकिरी स्राव मात्र पुष्कळ जणींना पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि त्यांतील अनेकींची गर्भधारणा पुढे नीट पार पडते. तो डॉक्टरांना कळवावा, पण मध्यरात्री घाबरून धावू नये.

कुठे जायचे, हे त्रास सुरू होण्याआधी ठरलेले असावे. रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ, शस्त्रक्रियेची सोय आणि रक्त या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतील असे ठिकाण निवडावे; जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नसतील, तर तालुका रुग्णालय किंवा बेळगावचे जिल्हा रुग्णालय हा विचार आधीच करावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे मिळते. जांबोटी-कणकुंबीकडील किंवा भीमगडच्या रानातील वाडीवर राहणाऱ्या बाईने, विशेषतः पावसाळ्यात, गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री होईपर्यंत शक्य असल्यास रस्त्यावरच्या गावात किंवा शहरातील नातेवाइकांकडे राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठच्या गावांत पूल पाण्याखाली जातात तेव्हा हीच गोष्ट लागू पडते.

रात्रीच्या ड्युटीवरील परिचारिकेला मराठी येईलच असे नाही, आणि आपल्यापैकी अनेकींना, विशेषतः महाराष्ट्रातून सून म्हणून आलेल्यांना, कन्नड येत नाही. चार वाक्ये कागदावर लिहून ठेवावीत : ‘नानु गर्भिणी’ म्हणजे मी गरोदर आहे, ‘रक्त होगता इदे’ म्हणजे रक्त जात आहे, ‘होट्टे नोवु तुंबा इदे’ म्हणजे पोटात फार दुखते आहे, ‘तले सुत्तुत्ता इदे’ म्हणजे चक्कर येते आहे. यासोबत पाळीची तारीख, रक्तगट आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट एका पिशवीत तयार ठेवावा.

मधले दिवस

या दिवसांत करण्यासारखे फार थोडे असते, आणि हे स्वीकारणेच सर्वांत जड जाते. फॉलिक अॅसिडची गोळी चालू ठेवावी. दुखल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो असे सिद्ध झालेले नाही. घरची नेहमीची कामे चालतील. मात्र निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्याच्या कामावर असलेल्यांनी शक्य तितके दिवस तंबाखूच्या धुळीपासून लांब राहावे. रक्त जात असल्यास शरीरसंबंध टाळावा.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या, गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकीला लिहून दिली जातात. ज्यांचा पूर्वी गर्भपात झाला आहे आणि आता गर्भ गर्भाशयात असल्याचे दिसूनही रक्तस्राव होत आहे, त्यांना त्यांचा उपयोग होऊ शकतो; इतरांना तो होतो असे दिसलेले नाही. डॉक्टरांनी दिली असतील तर घ्यावीत, परंतु एखादा डोस चुकला म्हणून गर्भ गेला, असे मनाला लावून घेऊ नये. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : ‘पिशवी साफ होण्याच्या’ गोळ्या मेडिकलमधून कुणालाही आणायला लावू नका. गर्भ नळीत असेल, तर त्या गोळ्यांनी तो जात नाही. रक्त गेलेले पाहून ‘झाले मोकळे’ असे वाटते आणि खरा धोका आत वाढत राहतो.

मनाचे काय करावे, याचे एक उत्तर नाही. मला स्वतःला रात्री मोबाईलवर इतर बायकांचे अनुभव वाचण्याने सर्वाधिक त्रास झाला, कारण प्रत्येक गोष्टीत मी माझे मिलिमीटर शोधत होते. शेवटी मी दिवसातील एक वेळ ठरवली, संध्याकाळची दिवेलागण झाल्यानंतरची. मनात येणारे सगळे प्रश्न तोवर वहीत लिहायचे आणि त्या वेळी नवऱ्यासोबत बसून त्यांतील डॉक्टरांना विचारण्याजोगे वेगळे काढायचे. उरलेले प्रश्न बहुधा दोषाचे असत : स्कूटीवरून गेले म्हणून, पपई खाल्ली म्हणून, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांत घडलेला दोष हे कारण असते आणि तो गर्भ धरतानाच ठरलेला असतो. घागर उचलल्याने तो येत नाही, देवाला नवस न फेडल्यानेही येत नाही. घरच्या चाचणीची पट्टी रोज करून रेघ गडद झाली का ते पाहू नये. त्या रेघेवरून वाढ कळत नाही.

तिसरा महिना भरेपर्यंत कुणाला सांगू नये, ही रीत आपल्याकडे पाळतात. तिच्यामागची भावना मी समजू शकते. पण या पंधरा दिवसांत खरे माहीत असलेली निदान दोन माणसे जवळ असावीत, एक रात्री गाडी काढू शकेल असे आणि एक, जिच्यापाशी रडता येईल अशी. सासूबाईंना किंवा जावेला सांगायचे असेल, तर नवऱ्याने पुढाकार घेऊन सांगावे : ‘डॉक्टरांनी तारीख दिली आहे, त्या दिवशी कळेल, तोवर तिला कुणी काही विचारू नका.’ एवढे एक वाक्य घरातील रोजची चौकशी थांबवते. नवऱ्यांनाही भीती वाटते, फक्त ती विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, त्यांनाही विचारावे. झोप उडाली, खाणे सुटले, जगण्यात राम नाही असे विचार येऊ लागले, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र निःशुल्क बोलता येते.

दुसऱ्या सोनोग्राफीचा दिवस

शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने तपासणी करावी, म्हणजे जुन्या-नव्या मापांची तुलना खरी होईल. आधीचा रिपोर्ट व फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्यावे. गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद अर्जावर भरून सही घ्यावी लागते, त्यात भिण्यासारखे काही नाही. सोबत एक माणूस असावे. मी आत जाण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगितले होते, ‘जे दिसेल ते मला आधी सांगा, बाहेरच्यांना नंतर,’ आणि त्यांनी तसेच केले. तुम्हाला उलट हवे असेल, तर तसे सांगावे.

ठोके दिसले, तर तारीख नव्याने ठरवून घ्यावी आणि गावच्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवून तायी कार्ड (कर्नाटकातील गरोदर मातेचे नोंदणी कार्ड) घ्यावे. ठोके दिसल्यावर गर्भपाताची शक्यता बरीच उतरते. काही वेळा दुसऱ्या खेपेसही उत्तर अर्धवट येते : पिशवी वाढलेली असते, पण हवी तितकी नाही. मग आणखी सात दिवस थांबावे लागते, आणि ते सात दिवस पहिल्या पंधरांपेक्षा कठीण जातात, हे मी शेजारणीच्या बाबतीत पाहिले आहे.

गर्भ वाढत नसल्याचे वरील निकषांनुसार निश्चित झाले, तर पुढे तीन वाटा असतात : आपोआप पडण्याची वाट पाहणे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेणे, किंवा दवाखान्यात बारीक नळीने शोषून गर्भाशय रिकामे करणे. रक्तस्राव फार नसेल आणि ताप नसेल, तर त्याच तासाला निवड करावी लागत नाही. घरी जाऊन, एक रात्र विचार करून कळवले तरी चालते. दवाखाना लांब असणाऱ्यांना, किंवा हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांना, घरी वाट पाहणे सोयीचे नसते, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. मी गोळ्यांचा मार्ग निवडला, कारण शहरातील बहिणीकडे राहणे मला शक्य होते. त्यानंतर पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. मात्र त्याआधीच, तीन आठवडे झाले की, घरी एकदा चाचणी करावी, आणि अजूनही दोन रेघा येत असतील तर रिपोर्टची तीच पिशवी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.